सिझन संपला, आता शनिवारी काय करू?

या वेळी, म्हणजे जून २०२५ ला, तीन पत्रं घेतलीत, तिन्ही फुटबॉलची. एकात दुखणं आहे, एकात तक्रार आणि एकात नुसता उत्साह. पहिल्याला जागा जास्त दिली, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : नमस्कार सर. मी २७ वर्षांचा, बेळगावात शहापुरात राहतो, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. शाळेत असल्यापासून इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा फॅन. यंदा प्रीमियर लीगमध्ये परत दुसरे आलो, ओळीनं तिसऱ्या वर्षी. त्याचं वाईट वाटतंयच पण ते पचेल हळूहळू, खरा प्रॉब्लेम वेगळाय. २५ मेला लीग संपली, ३१ ला चॅम्पियन्स लीगची फायनल पण बघून झाली, आणि मग ७ जूनच्या शनिवारी कामावरनं आलो, अंघोळ केली, साडेसात वाजले आणि मला कळेचना आता काय करायचं ते. आमची पाच जणांची गँग आहे. एका मित्राच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये टीव्ही लावलाय, ऑगस्ट ते मे दर शनिवार-रविवार आम्ही तिथंच, मिरची भजी कुणी आणायची त्याचा नंबर ठरलेला. आता मॅच नाही म्हटल्यावर कुणी फोनच करत नाही. एकजण पुण्याला चाललाय नोकरीला, एकाचं लग्न ठरलंय डिसेंबरात, मला वाटतंय ऑगस्टात परत बसू तेव्हा पाचाचे तीन झालेले असणार. आई सारखी म्हणते, काय बघूलालास दिवसभर त्या मोबाइलात, तर मी ट्रान्सफरच्या, म्हणजे कुठला खेळाडू कुठल्या क्लबात चाललाय त्याच्या बातम्या बघत असतो, दहातली एक पण खरी निघत नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत असंच काढायचं. हसू नका सर, पण काय करू? (एक वाचक, शहापूर)

उत्तर : हसू कशाला येईल रे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की आर्सेनलवर तू दीड ओळ खर्च केलीस आणि बाकी सगळं पत्र शेडचं आहे. एप्रिलात तुमच्या राइसनं रियल माद्रिदला मारलेल्या त्या दोन फ्री किक त्यात नाहीत, पुढच्या आठवड्यात त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानात जाऊन २-१ जिंकलेलं नाही, पॅरिसच्या पीएसजीनं सेमीफायनलला बाहेर काढलेलं पण नाही. भजीचा नंबर मात्र आहे. म्हणून मला वाटतं तुझा शनिवार रिकामा झालाय तो मॅच नाही म्हणून थोडा, आणि ती चार माणसं नाहीत म्हणून जास्त. हे तुला कळलंय पण तू ते फुटबॉलच्या नावावर घातलंयस, आपण पुरुष माणसं असंच करतो, मित्राला तुझी आठवण येते म्हणून फोन करायला जमत नाही, मॅच आहे ये म्हणायला जमतं.

माझं सांगतो. १९८६ चा वर्ल्ड कप मेक्सिकोत होता, तिथली दुपारची मॅच म्हणजे आपल्याकडं रात्री साडेअकरा. आमच्या गल्लीत एका घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, वीस-पंचवीस पोरं पडवीपर्यंत दाटीवाटीनं बसलेली, बाहेर पाऊस, आणि वारा आला की चित्र जायचं, मग एकजण पोतं डोक्यावर घेऊन कौलावर अँटेना फिरवायला. २९ जूनला फायनल झाली, अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला ३-२ हरवलं, सगळे ओरडत घरी गेलो. आणि दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं बघ, एकेक करत आठ-दहा पोरं त्याच घरापुढं येऊन उभी राहिली. टीव्ही बंद. घरातली माणसं झोपलेली. काय बोलायचं तेच सुचेना. मग त्यातला एकजण म्हणाला उद्या सकाळी लेले मैदानावर जाऊया की, बॉल माझ्याकडं आहे.

तो बॉल चामड्याचा होता, शिवण उसवून आतला ब्लॅडर दिसायचा. कोरडा असताना चारशे-साडेचारशे ग्रॅमचा बॉल पावसात अर्ध्या तासात पाणी पिऊन असा जड व्हायचा की हेड मारला की कपाळावर शिवणीचा वण उठायचा, शाळेत मास्तर विचारायचे काय झालं रे. त्या जुलैत आम्ही रोज गेलो. त्यातले चौघं आज पण माझे मित्र आहेत, एक तर मिलिटरीत जाऊन रिटायर होऊन परत आलाय.

हे सगळं सांगतोय कारण तू ज्याला ऑफ-सिझन म्हणतोस तो इंग्लंडचा आहे. आपल्याकडचा नाही. कोल्हापूरकरांचं वेगळं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या संघांचा धुरळा थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत आणि पाऊस आला की बंद. पण आपल्या शाळांची पोरं खेळतात ती पावसातच. इकडं शाळा मे संपतानाच उघडतात, जून-जुलैत टीम निवडतात आणि मग स्पर्धा. कॅम्पात सेंट पॉल्सची फादर एडींच्या नावाची स्पर्धा किती वर्षं चालू आहे, तुझ्या वडलांना विचार, त्यांनी पण बघितली असेल. कलकत्त्याची लीग पण पावसातलीच, मोहन बागाननं १९११ ला गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड घेतली ती तारीख २९ जुलै, दहा जणांच्या पायात बूट नव्हते. आणि यंदा तर पाऊस मे संपायच्या आतच आला, मैदानं आधीच भिजलीत.

तेव्हा या शनिवारी शेडऐवजी मैदानावर जा. खेळायलाच पाहिजे असं नाही, सत्तावीस म्हणजे काय म्हातारा नाहीस पण गेल्या कित्येक वर्षांत पळाला नसशील तर पहिल्याच दिवशी गुडघा धरून बसशील, आधी पंधरा दिवस नुसता चाल, मग पळ. शाळांच्या मॅचेसना माणसं लागतात रे. लाइनवर झेंडी घेऊन उभं राहायला कुणी नसतं, बॉल नाल्यात गेला की आणायला कुणी नसतं, पोरांना पाणी द्यायला पण पीटीचे सर एकटेच. मी तीस वर्षं एका शाळेत तो एकटा सर होतो, साइडलाइनला दोन मोठी माणसं येऊन उभी राहिली की पोरं कशी वेगळी खेळायला लागतात ते मी बघितलंय. तुझ्यासारख्या, दहा महिने प्रत्येक मॅच डोळ्यात तेल घालून बघणाऱ्या माणसाला ऑफसाइड समजतो, पोझिशन समजते, तेरा वर्षांच्या लेफ्ट बॅकला तू एक वाक्य सांगितलंस तरी तो ते घरी घेऊन जाईल. मी पण लेफ्ट बॅकच होतो.

दुसरं, १८ जून. त्या दिवशी नव्या सिझनचं वेळापत्रक येतंय, आपल्याकडं दुपारी दीडच्या सुमाराला. बुधवार आहे. संध्याकाळी पाचही जणांना शेडमध्ये बोलव, टीव्ही नको, भिंतीवरचं कॅलेंडर काढून घ्या आणि पेन. पुण्याला जाणाऱ्याला विचार कुठल्या चार-पाच शनिवारी तो येऊ शकतो, रात्रीच्या बसनं पहाटे पोचतो माणूस, ते शनिवार लाल करा. डिसेंबरातल्या लग्नाच्या दिवशी कुठली मॅच आहे ते पण बघून ठेवा, म्हणजे नवरदेवाला आधीच सांगता येईल की आम्ही मॅच बघणार नाही, तुझ्याबरोबर असणार. पाचाचे तीन होतील ही भीती मनात ठेवू नकोस, त्यांच्यासमोर बोल. कदाचित होतील पण. पण न बोलता झाले तर ते जास्त लागतं, मला माहीत आहे.

ट्रान्सफरचं थोडक्यात. यंदा विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-द्यायची मुदत, दोनदा आहे, १ ते १० जून एकदा आणि परत १६ जूनपासून १ सप्टेंबरपर्यंत. ज्याचा करार ३० जूनला संपतो तो फुकटात दुसरीकडं जाऊ शकतो, १९९५ च्या युरोपियन कोर्टाच्या बोसमन निकालापासून तसं आहे, बाकीच्यांचं दोन क्लब, एजंट, पगार, मेडिकल सगळं जुळेपर्यंत काही खरं नसतं. क्लब स्वतः फोटो टाकेल तेव्हा झालं म्हणायचं. रविवारी सकाळी चहा पिताना एकदा बघ, बास. अडीच महिने तासातासाला बघून डोकं फक्त तुझं तापतंय, स्ट्रायकर काय लवकर येणार नाही.

प्रश्न : सर, माझ्या मिस्टरांना फुटबॉलचं भयंकर वेड. सिझन असताना रात्री दीड-दोनपर्यंत जागायचे ते मी समजू शकते, मॅच असायची. आता मॅच नाही तरी दोनपर्यंत जागेच, जुने गोल बघत बसतात, सकाळी चिडचिड, मुलगी काही विचारायला गेली तर तिच्यावर पण. काही बोललं की म्हणतात तुला कळणार नाही. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ताई, तुम्हाला कळतंय, म्हणून तर लिहिलंत. दहा महिने आठवड्यातनं दोन-तीनदा दीड-दोनला झोपल्यावर शरीराला तीच वेळ खरी वाटायला लागते, मॅच बंद झाली म्हणून झोप लगेच दहाला येत नाही. एकदम साडेदहाला झोपा म्हणून भांडू नका, जमणार नाही. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवायला लावा, रविवारी पण, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात चालायला पाठवा, पाऊस असला तर छत्री घेऊन. झोप हळूहळू मागं सरकते, दोन-तीन आठवडे लागतात. मोबाइल उशाशी नको.

आणि हे त्यांच्यासाठी, वाचून दाखवा. दादा, तुम्ही ज्यांच्यासाठी जागता ते खेळाडू आत्ता झोपलेत. त्यांची संघटना फिफप्रो क्लबांकडं हेच मागते की सिझननंतर किमान चार आठवडे पूर्ण सुट्टी द्या, कारण त्याशिवाय मांडीचे स्नायू आणि डोकं दोन्ही परत उभं राहत नाही. तुम्हीही सिझनभर कामावर जाऊन जागलात, तुम्हाला पण सुट्टी पाहिजे. मुलीला काय विचारायचं होतं ते आज संध्याकाळी तिला विचारा. ‘तुला कळणार नाही’ हे वाक्य मात्र घरात परत नको. ऑफसाइड पाच मिनिटात समजावता येतो, ताटलीतल्या शेंगदाण्यांवर पण.

प्रश्न : सर मी नववीत आहे, खानापूर तालुक्यातली. मला फुटबॉल खूप आवडतं. आमच्या शाळेत मुलांची टीम आहे मुलींची नाही. आता सुट्टीत भावाबरोबर खेळले पण तो आता कॉलेजला हॉस्टेलवर गेला. टीव्हीवर पण काही नाही. पावसात मैदानात घोट्याएवढं पाणी आहे. एकटीनं प्रॅक्टिस कशी करू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचून दिवस चांगला गेला माझा.

टीव्हीवर काही नाही हे चुकीचं आहे, तुझ्यासाठी तर आत्ताच आहे. २३ जूनपासून आपल्या भारताच्या मुली थायलंडमध्ये चियांग माईला आशियाई कपची पात्रता खेळणार आहेत, गटात मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक आणि स्वतः थायलंड. गटात पहिला नंबर आला तरच कप खेळायला ऑस्ट्रेलियाला जायला मिळणार, दुसऱ्याला काही नाही. त्यात मनीषा कल्याणकडं बघ, पंजाबच्या खेड्यातली मुलगी, युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय. मग २ जुलैपासून स्वित्झर्लंडमध्ये महिलांचा युरो कप, काही मॅच आपल्याकडं रात्री साडेनऊला सुरू होतात, आईला विचारून पहिला हाफ तरी बघ. पुरुषांची लीग बंद झाली म्हणजे फुटबॉल बंद झालं असं नसतं.

आता प्रॅक्टिस. एक सिमेंटची भिंत शोध, शाळेची, देवळामागची, कुठली पण, फक्त मातीची नको, पावसात पोपडे निघतात आणि मालकाचा ओरडा बसतो. पाच-सहा पावलांवर उभी राहा, पायाच्या आतल्या बाजूनं पास, परत आला की एका टचमध्ये थांबव, दुसऱ्या टचला परत पास. उजव्यानं पन्नास झाले की डाव्यानं शंभर. चुकून उलट लिहिलं नाही, डाव्यानंच जास्त, कारण मॅचमध्ये बॉल विचारून येत नाही. दोन आठवड्यांनी दोन पावलं मागं जा. पडवीत जागा असली तर मांडीवर आणि पावलावर बॉल खेळवत ठेव, आज पाच झाले तर वहीत पाच लिही.

मैदानात पाणी साठलं असेल तर जमिनीवरनं पास देऊ नको, बॉल मधेच डबक्यात थांबतो आणि समोरची पळत येऊन घेऊन जाते. खालून उचलून टाकायला शिक, घोटा घट्ट ठेवून. आणि वीज चमकत असली तर घरात.

टीमचं मी सांगतो तसं कर. शालेय स्पर्धांमध्ये मुलींचं फुटबॉल असतं, शाळांच्या सुब्रतो कपात तर १७ वर्षांखालच्या मुलींचा वेगळा गट आहे, हे तुझ्या हेडमास्तरांना माहीत असेल पण मुलीच नाहीत म्हणून विषय निघत नसेल. आठवी-नववी-दहावीतल्या मुलींची नावं एका कागदावर लिहून घे, कबड्डी-खोखोवाल्या पोरींना आधी धर, त्या पळायला घाबरत नाहीत. सात नावं झाली तरी कागद घेऊन पीटीच्या सरांकडं जा, अकरा होईपर्यंत थांबू नकोस. सर नाही म्हणाले तर मला परत लिही, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलतो, खानापूर काय लांब नाही.

भावाचे जुने बूट वापरत असशील तर पुढं कापूस घाल, सैल बुटानं नख जातं. भिजले की चुलीजवळ ठेवू नकोस, चामडं कडक होऊन तडकतं. चिखल धुऊन टाक, आत रद्दी पेपरचे बोळे कोंब आणि वाऱ्याला ठेव, झोपायच्या आधी ओले बोळे काढून एकदा कोरडे घाल, सकाळी घालता येतात.