धडा पाठ आहे, पण धडा म्हणतो काय?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी आठवीत आहे. अलंकारांच्या व्याख्या घडाघडा म्हणते, पण न वाचलेला उतारा समोर आला की गडबडते. 'मध्यवर्ती कल्पना लिहा' म्हटलं की अख्खा उताराच पुन्हा उतरवून काढते. उपमा आणि उत्प्रेक्षा यांची तर रोज अदलाबदल. सुट्टीत उजळणी कशी घेऊ?
– एक आई, विटा

उत्तर : ताई, व्याख्यांची वही सध्या कपाटात ठेवून द्या. तिचं घोडं व्याख्येपाशी अडलेलं नाही, वाचण्यापाशी अडलंय. तुम्ही फक्त 'कशावरून?' एवढंच विचारत चला.

आमच्या सांगलीच्या वर्गात मी फळ्यावर चार ओळी लिहिते :

'आबा बेदाण्याच्या सौद्याहून परत आले. टोपी खुंटीला अडकवली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हात न लावताच म्हणाले, "धाकटीची फी भरायला अजून किती दिवस आहेत गं?"'

मग विचारते, भाव कसा मिळाला? निम्मा वर्ग म्हणतो, 'उताऱ्यात दिलेलं नाही.' दिलेलं आहेच, फक्त 'भाव' हा शब्द नाही. एकदा एक मुलगा हट्टाला पेटला, की चांगला भाव मिळाला म्हणूनच फीची आठवण झाली. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, 'मग दारातूनच भाव सांगितला असता, आणि पाणीही प्याले असते.' ही मुलगी वाचत होती. अंदाज बांधला आणि त्याला पुरावा उताऱ्यातूनच काढून दिला. वाचन म्हणतात ते यालाच.

आता सारांश आणि मध्यवर्ती कल्पना. आबा सौद्याहून आले आणि त्यांनी फीची चौकशी केली, हा सारांश. पिकाचा भाव पडला की त्याची झळ लेकरांच्या शिक्षणाला लागते, ही मध्यवर्ती कल्पना. मुलीला सांगा, एकाच वाक्यात सांग आणि त्यात आबा, आई, तांब्या यांपैकी काही येऊ देऊ नकोस. पहिल्या दिवशी चिडेल. चिडू द्या.

अलंकारांसाठी एकच दृश्य घ्या. आयर्विन पुलावरून हिवाळ्यात दिसणारी कृष्णा. 'पाणी आरशासारखं नितळ आहे' ही उपमा : पाणी वेगळं, आरसा वेगळा, एका गुणापुरते सारखे. 'पाणी म्हणजे जणू आरसाच' ही उत्प्रेक्षा : दोन्ही वेगळे आहेत हे ठाऊक असूनही पाणी हाच आरसा अशी कल्पना केली. 'पाण्याच्या आरशात' म्हटलं की दोघांत भेदच उरला नाही, ते रूपक. आणि त्या आरशात पूल स्वतःचं तोंड बघत असेल, तर चेतनगुणोक्ती : निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. चारही वाक्यं तिला मोठ्याने म्हणायला लावा. फरक आधी कानाला कळतो.

पण अलंकार ओळखून थांबू नका. इथे आरसाच का, हेही विचारा. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी घरात पाहिला, त्या मुलांना कृष्णा कधी आरसा वाटली नाही. त्यातल्या एकीने वहीत लिहिलं होतं, 'नदी एक एक घर मोजत वर आली.' चेतनगुणोक्तीची व्याख्या तिला येत नव्हती. मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं आणि मग व्याख्या सांगितली. त्यानंतर त्या वर्गात ती कुणालाच पाठ करावी लागली नाही.

नाट्यउतारा आला तर कंसातल्या सूचना गाळू देऊ नका. '(मान खाली घालून)' एवढ्यानेही संवादाचा अर्थ फिरतो. आणि जमलं तर एक दिवस भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये आहे, २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव'. तिथे कुणाच्या घरी कादंबऱ्या, कुणाच्या घरी कविता, कुणाच्या घरी चरित्रं मांडलेली असतात. साहित्यप्रकारांची उजळणी पायी फिरून होते.

प्रश्न : कथेत 'मी' असेल तर तो लेखकच असतो ना?
– सातवीतला विद्यार्थी, कराड

उत्तर : असं धरून चालू नकोस, बाळा. तू 'मी नदी बोलतेय' हा निबंध लिहितोस, तेव्हा लेखक तू असतोस आणि 'मी' म्हणणारी नदी असते. त्या बोलणाऱ्याला निवेदक म्हणायचं. कथेतला 'मी' खोटं बोलू शकतो, घाबरट असू शकतो, बैलसुद्धा असू शकतो. म्हणून उत्तरात 'लेखक म्हणतो' ऐवजी 'निवेदक म्हणतो' असं लिही. आत्मचरित्रात मात्र दोघे एकच. तेव्हा आधी पाठाच्या सुरुवातीचा लेखकपरिचय वाच, उतारा कशातून घेतलाय हे बहुतेक वेळा तिथेच सापडतं.