सुई-दोऱ्याचे प्रश्न : दुपटी, गोधड्या आणि बाळंतविडा

आमच्या भिशी मंडळातील दहा-बारा जणींनी हिवाळ्याआधी सरकारी रुग्णालयातील नवजात बाळांसाठी गोधड्या शिवायचे ठरवले आणि घरच्या जुन्या सुती साड्या जमवल्या. रुग्णालयात विचारणा केली, तेव्हा परिचारिकांनी आभार मानून त्या घेता येणार नाहीत असे सांगितले. आमचा हिरमोड झाला. नेमके काय चुकले?
— एक वाचक, धरमपेठ

तुमच्या हेतूत काही चुकले नाही, पण शिवण्याचे आधी ठरले आणि विचारणे नंतर झाले. नवजात शिशू कक्षात येणारे प्रत्येक कापड गरम पाण्यात, बहुधा ब्लीच घालून धुवावे लागते आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वापरता येत नाही. चार पदरी गोधडीच्या आतल्या थरांत ओल टिकून राहते, पावसाळ्यात तर ती दोन-दोन दिवस सुकत नाही, आणि जंतुसंसर्गाला इतक्या सहज बळी पडणाऱ्या बाळांच्या आसपास अशी ओल कोणतीही जबाबदार परिचारिका ठेवू देणार नाही. दुसरे कारण झोपेच्या सुरक्षिततेचे आहे. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे आणि पहिल्या वर्षात त्याच्या झोपण्याच्या जागी रजई, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते, त्यामुळे त्या सूचना घरोघरी जशाच्या तशा पाळल्या जात नाहीत, हे खरे. तरी बाळाच्या तोंडावर येऊ शकेल असे जाड पांघरूण धोक्याचे आहे, ही गोष्ट नागपुरात वेगळी होत नाही.

मग रुग्णालयासाठी काय शिवावे? जन्मतः वजन २.५ किलोपेक्षा कमी असलेल्या बाळांना ऊब टिकवण्यासाठी सर्वांत जास्त मदत लागते, आणि त्यांच्यासाठी आज आईच्या उघड्या छातीशी बाळाला बिलगून ठेवण्याची पद्धत, म्हणजे कांगारू पद्धत, वापरली जाते. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये, उबदार पेट्या पुरेनात तेव्हा, ती सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला ही ऊब दिवसाचे ८ ते २४ तास मिळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे. या स्थितीत बाळाच्या अंगावर लंगोट, टोपरे आणि मोजे एवढेच असते. म्हणजे गोधडीसाठी जमलेले तुमच्या मंडळाचे बळ टोपऱ्यांकडे वळवले, तर ते नेमके कामी येईल. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याहून बराच कमी, म्हणून टोपरी दोन-तीन मापांत शिवा आणि माप आतल्या बाजूला दोऱ्याने नोंदवा. झबली समोरून उघडणारी हवीत, कारण नळ्या आणि तारा लावलेल्या बाळाला डोक्यातून कपडा घालता येत नाही. कापड नवे घ्या, शिवण्याआधी धुवा, आणि पहिली दहा नगांची खेप शिवण्यापूर्वी एक नमुना घेऊन परिचारिका प्रमुखांना भेटा. त्या सांगतील ते बदल मान्य करा, कारण रात्रपाळीत बाळाला कपडे घालणारे हात त्यांच्या विभागाचे आहेत.

जमलेल्या साड्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा आणि बालाघाटकडूनही रुग्ण येतात, आणि त्यांचे नातेवाईक डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पारा दहा अंशांच्या खाली गेलेला असताना, व्हरांड्यात किंवा झाडाखाली रात्र काढतात. मोठ्या माणसाला पुरेल अशी, साडेतीन बाय सहा फुटांची, घडी करून पिशवीत मावणारी वाकळ त्यांना लागते. नवजात बाळाचे नाव निघाले की सगळ्यांचे हात सुईकडे जातात, पण त्या बाळाच्या आजीला रात्रभर काय पांघरायला आहे, याचा विचार क्वचित होतो. रात्रनिवारे, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांची पाळणाघरे आणि चिखलदऱ्यासारख्या थंड भागातील आश्रमशाळांची वसतिगृहे, अशा ठिकाणी आधी विचारून गोधड्या दिल्यास त्या पडून राहणार नाहीत.

आजीच्या संदुकीत नऊवारी लुगडी, सहावारी साड्या आणि एम्प्रेस मिलच्या चादरी निघाल्या आहेत. यातून भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवायची आहे. कोणते कापड घ्यावे, ते कसे ओळखावे?
— एक वाचक, महाल

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली ती गिरणी बंद पडूनही बराच काळ लोटला, त्यामुळे चादरी जुन्या आहेत हे गृहीत धरून प्रथम कापडाची ताकद तपासा. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून पाहा. विरलेला भाग लगेच बोलतो, म्हणजे चर्र असा आवाज येतो आणि धागे सरकतात. असे कापड टाकू नका, ते मधल्या थरात घाला. वरचा आणि खालचा थर मात्र धडधाकट हवा.

कापड सुती आहे की नाही याविषयी शंका असेल, तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि चुरगळणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक काळा मणी तयार होतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतात, आणि बाळासाठी तेही नको, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या या शहरात घाम न शोषणारे कापड अंगावर पुरळ उठवते. जरीचे काठ पूर्ण उसवून काढा. साधे सुती काठही वेगळे करणे बरे, कारण त्यांची वीण घट्ट असल्यामुळे धुतल्यावर अंग आणि काठ कमी-जास्त आटतात व गोधडीला चुण्या पडतात. एखाद्या थरात नवे कापड वापरणार असाल, तर आधी धुऊन खळ काढा. नवे सुती कापड १०० सेंटीमीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर आटणे ही सामान्य गोष्ट आहे. रंग जातो का, हे ओला पांढरा रुमाल घासून पाहावे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, पण आजच्या रंगांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. रंग सोडणारे कापड मोठ्यांच्या वाकळीला ठेवा.

हिशेब असा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर पन्ह्याची असते. तिचे ९० सेंटीमीटर लांबीचे सहा तुकडे होतात, आणि तीन पदरी दोन गोधड्या निघतात. बाळासाठी तीन पदर पुरेत. थर जमिनीवर पसरून तळहाताने सारखे करा, मधून बाहेरच्या दिशेने मोठे कच्चे टाके घाला आणि मगच कडेपासून आत फिरत धावदोरा घालत या. कच्चे टाके टाळणाऱ्यांच्या गोधडीच्या मध्यभागी हमखास फुगा येतो. टाके अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत, कारण मोकळ्या लांब टाक्यांत बाळाची बोटे अडकतात.

मशीनवर शिवलेली गोधडी हाताच्या गोधडीपेक्षा कमी प्रतीची मानावी का?
— एक वाचक, मानेवाडा

मुळीच नाही. दान द्यायच्या आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या वस्तूला मशीनची शिवण जास्त टिकते. मात्र टाका लांब ठेवा, तीन ते चार मिलिमीटरचा. बारीक टाक्याने जुने कापड ओळीने फाटते. हाताच्या गोधडीचा मऊपणा मशीनला साधत नाही, एवढे मान्य करून जवळच्या बाळासाठी हातशिलाई राखून ठेवावी.

मैत्रिणीच्या मुलीकडे बारसे आहे. घरी शिवलेला बाळंतविडा द्यायचा आहे. त्यात काय काय असावे? मोहरीची उशी आणि कुंची द्यावी असे सासूबाई म्हणतात.
— एक वाचक, मनीषनगर

मलमलीची पाच-सहा दुपटी, चार झबली, डझनभर लंगोट, दोन टोपरी आणि एक पातळ गोधडी, एवढ्याने विडा भरतो. दुपटी एक मीटर चौरस ठेवा. त्याहून लहान दुपट्यात महिन्याभराच्या बाळाला गुंडाळता येत नाही. झबली एकाच मापाची शिवू नका. सगळेच जण नवजात बाळाच्या मापाचे आणतात, आणि तिसऱ्या महिन्यात घरात एकही अंगाला बसणारे झबले नसते. निम्मी झबली सहा महिन्यांच्या मापाची द्या.

मोहरीच्या उशीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, पण ती शिवूही नका. बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून ती देण्याची प्रथा असली, तरी पहिल्या वर्षात कोणतीही उशी नको असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि शिवण उसवली तर दाणे बाळाच्या नाकातोंडात जाण्याची भीती असते ती वेगळीच. त्याऐवजी त्याच कापडाची छोटी गोधडी शिवून, जागे असताना बाळाला पालथे ठेवून खेळवण्यासाठी म्हणून द्या. डोके चपटे होऊ नये यासाठी त्या खेळाचा खराखुरा उपयोग होतो. कुंची द्यावी. तिच्याशिवाय बारशाचा फोटो पुरा होत नाही, हे सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे! गळ्याशी लांब बंद मात्र लावू नका, ते मानेभोवती आवळू शकतात. लहान चिकटपट्टी लावा आणि झोपवताना कुंची काढायला सांगा. मोती, टिकल्या, बटणे टाळा. हातमोजे-पायमोजे शिवलेत, तर आतली शिवण दुमडून बंद करा, कारण आत लोंबणारा एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्तप्रवाह थांबतो आणि बाळ का रडते आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

बालगृहाला दुपटी देताना मुलांसोबत फोटो काढून मंडळाच्या समूहावर टाकले तर चालतील का? आणि या दानावर आयकरात सवलत मिळते का?
— एक वाचक, सदर

दोन्हींचे उत्तर नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दुपट्यांच्या गठ्ठ्याचा फोटो काढा, तेवढा पुरे. आयकरातील देणगीची वजावट पैशाच्या रूपातील देणगीवर आहे, वस्तूंवर नाही.

मैत्रिणीच्या नातवाला दिलेली गोधडी तिने कपाटात जपून ठेवली आहे. ‘इतकी सुंदर, खराब होईल’ म्हणते. वाईट वाटते.
— एक वाचक, खामला

ती कशी धुवायची हे तुम्ही सांगितले नव्हते, म्हणून ती कपाटात गेली असण्याची शक्यता दाट आहे. भेटीसोबत सुती पट्टीवर दोन ओळी टाका : कोमट पाणी, सौम्य साबण, पिळू नये, उलटी करून उन्हात वाळवावी. पुढच्या खेपेला फिक्या रंगाऐवजी छापील कापड घ्या, ज्यावर डाग दिसणार नाहीत. गांधीबागेत आणि इतवारीत गठ्ठ्याने मिळणारे छापील सुती तुकडे यासाठी उत्तम, फक्त दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी वर सांगितलेली धागा जाळण्याची परीक्षा घरी आल्यावर करा.