पाणी आले, पण वाटा कोणाचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गावाने स्वतः पुढाकार घेऊन केलेल्या विकासकामांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असलेल्या आम्ही तरुणांनी बीड जिल्ह्यातील आमच्या गावासाठी काही लाख रुपये जमवले आहेत. उन्हाळ्यात पोकलेन लावून ओढ्याचे खोलीकरण करावे, असा विचार आहे. ग्रामसभेत राजकारण होईल म्हणून विषय तेथे नेलेला नाही. या कामामुळे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गावात थांबतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पैसे जमवलेत, हे कौतुकास्पद आहे. मात्र ज्या कुटुंबांसाठी हा खटाटोप चालला आहे त्यांची जमीन शिवारात नेमकी कोठे आहे, हे आधी पाहावे. बहुतेक गावांत ऊसतोडीला जाणाऱ्यांची शेती माळावर किंवा डोंगरउताराला असते, नाहीतर मुळीच नसते; आणि ओढ्याकाठच्या विहिरी ज्यांच्या आहेत त्यांना कोयता हाती घेऊन घर सोडावे लागत नाही. ओढा खोल केला की पाणी त्या काठच्या विहिरींत उतरते. विहिरींना पाणी आले की मोटारी वाढतात, दोन वर्षांत काठाने ऊस उभा राहतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर मागवावा लागतो. माळावरचे कुटुंब आपला कोयता घेऊन तेव्हाही गाडीत बसलेले असते.

पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून मुरवण्याचे, काम माथ्याकडून पायथ्याकडे यावे, हा या क्षेत्रातील जुना आणि आजही न बदललेला नियम आहे. डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर), त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, मग लहान ओहोळांवर दगडी बांध आणि सगळ्यांत शेवटी मुख्य ओढा, असा त्याचा क्रम असतो. वरची कामे न करता ओढा उकरला तर पहिल्या मोठ्या पावसात वरून आलेल्या गाळाने तो भरतो. यंत्राचे काम आठवड्यात उरकते आणि फोटोतही चांगले दिसते, त्यामुळे त्याचा मोह पडतो. माझ्या मते अशा निधीतून पहिला रुपया पोकलेनवर खर्च होऊ नये.

याहून महत्त्वाचा आहे तो वाटपाचा प्रश्न. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभा केला, त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर ठरत नसे. तो कुटुंबातील माणसांवर ठरत असे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, मग त्या कुटुंबाची जमीन वीस एकर का असेना. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा होता. उसासारख्या बारमाही पिकाला मनाई होती आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे. खर्चातील वीस टक्के वाटा सभासद स्वतः उचलत, निम्मा शासनाच्या अनुदानातून येई आणि उरलेले तीस टक्के साळुंखे यांची संस्था ग्राम गौरव प्रतिष्ठान बिनव्याजी कर्जाने देई. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी असे, त्यामुळे कोणाच्या शेतात किती वेळ पाणी गेले हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहत असे. या योजना सगळीकडे सारख्या टिकल्या नाहीत. विजेची बिले, उपशाचा खर्च आणि उसाची ओढ यांनी पुष्कळ ठिकाणी त्या खिळखिळ्या केल्या. तरीही पाण्याचा थेंब अडवण्याआधी तो कोणाचा हे ठरवण्याचा जो धडा नायगावने घालून दिला, तो आपल्या गावालाही लागू आहे.

म्हणून ग्रामसभा टाळू नये. तेथे राजकारण होईल, हे खरेच आहे. पाणी हा गावातील सगळ्यांत मोठा हितसंबंध असताना त्यावर वाद झाला नाही, तरच आश्चर्य मानावे लागेल. तो वाद काम सुरू होण्यापूर्वी झाला तर नियम करता येतात. नंतर झाला तर फिर्यादी होतात. आधी शिवारफेरी काढा, माळावरच्या कुटुंबांना आणि त्या घरांतील बायकांनाही सोबत घ्या, नव्या पाण्यावर बोअरवेल घ्यायची की नाही आणि ऊस लावायचा की नाही याचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच निधी मोकळा करा. ठराव होत नसेल तर पैसे बँकेत राहू द्यावेत.

प्रश्न : आम्हाला जमीन नाही. गावात पाणलोटाचे काम झाले आणि डोंगरावर चराईबंदी आली. बागायतदार आता दोन पिके घेतात आणि मलाही मजुरीचे दिवस वाढून मिळाले, पण चारायला जागा न राहिल्यामुळे चार शेळ्या विकाव्या लागल्या. दवाखान्याला किंवा शाळेला पैसे लागले की शेळी विकून भागत असे. तक्रार केली की ‘गावाच्या भल्यासाठी थोडे सोसावे लागते’ असे सांगतात. (एक वाचक भगिनी, जि. जालना)

उत्तर : ताई, गावाच्या भल्यासाठी प्रत्येक वेळी त्याच घरांनी सोसायचे, असा कोणताही नियम नाही. आपली तक्रार रास्त आहे आणि ती विकासाच्या विरोधातही नाही. चराईबंदीवाचून उघडा डोंगर हिरवा होत नाही, हे मान्य करूनच पुढचे सांगतो.

बंदी संपूर्ण डोंगरावर एकाच वेळी घालण्याची गरज नसते. क्षेत्राचे भाग पाडून एकेक भाग काही वर्षे राखावा आणि बाकीचे चराईला खुले ठेवावेत, हे करता येते. फक्त आराखडा करताना शेळ्या राखणारी माणसे बैठकीत असावी लागतात आणि ती तेथे बोलावली जात नाहीत. दुसरे म्हणजे, राखलेल्या डोंगरावरचे गवत कापून नेण्याची मुभा असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये चराईबंदीनंतर असे गवत कापून नेऊन दुभती जनावरे पोसली गेली आणि दुधाचा धंदा वाढला. पण येथे एक मेख आहे. गाय-म्हैस गवतावर पोसली जाते; शेळी मुख्यतः झाडपाला खाते. त्यामुळे ‘गवत कापून न्या’ हे उत्तर गोठ्यात म्हैस असलेल्या घराला उपयोगी पडते, तुमच्या घराला तितकेसे नाही. बांधांवर आणि गायरानाच्या कडेला शेवरी, सुबाभूळ, हादगा लावून त्याचा पाला तोडण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना द्यावा, अशी मागणी आपण करावी. उस्मानाबादी शेळी अर्धबंदिस्त पद्धतीनेही राहते, मात्र पाल्याची सोय आधी झाली पाहिजे.

पाझर तलावात पाणी टिकत असेल तर त्यातील मासेमारीचा हक्क लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याला न देता भूमिहीन महिलांच्या बचत गटाला मिळावा, हाही ठराव मांडता येईल. श्रमदानाबाबतही बोलायला हवे. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला श्रमदानाची अट होती, परंतु भूमिहीनांना तीतून सूट होती, कारण ज्याच्या शेतात पाणी येणार नाही त्याच्याकडून फुकट घाम मागणे अन्यायाचे आहे, हे त्यात गृहीत धरले होते. आपल्या गावात आपण श्रमदान केले असेल, तर ते सभेत आठवण करून द्या.

हे सगळे तोंडी सांगून सोडू नये. पुढच्या ग्रामसभेत पाच-सहा घरांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला की नाही हे वाचून पाहावे.

प्रश्न : मी पहिल्यांदा निवडून आलेली सरपंच आहे. ग्रामसभेला वीस-पंचवीस माणसे येतात, सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत तेच ठरावीक लोक सगळे मंजूर करून टाकतात. काय करावे? (एक सरपंच, सोलापूर जिल्हा)

उत्तर : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट ठरावीक लोकांना पाठ असते, किंबहुना पहिली सभा भरू नये यातच त्यांचा फायदा असतो. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती रजिस्टरवर अंगठे घेऊन न उरकता प्रत्यक्ष भरवा, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत न घेता वस्तीवर, मजूर बायका रानातून परतल्यानंतरच्या वेळेला घ्या. सभेची वेळ सकाळी अकरा ठेवली की रोजंदारीवरचा माणूस येऊच शकत नाही, कारण त्याला त्या सभेची किंमत एक दिवसाचा रोज अशी मोजावी लागते. विषयपत्रिकेत ‘विकासकामांवर चर्चा’ असे मोघम न लिहिता कोणत्या वस्तीच्या कोणत्या गटारासाठी किती रुपये आले हे लिहा. रकमा दिसल्या की माणसे येतात. आणि मागच्या सभेच्या ठरावांपैकी काय झाले व काय राहिले याचे वाचन पहिल्या दहा मिनिटांत, कोणी मागितले नाही तरी, करत जा. सुरुवातीला विरोध होईल. ग्रामसेवकही फारसे खूश होणार नाहीत.

प्रश्न : हिवरे बाजार काय किंवा राळेगण सिद्धी काय, ही एका माणसाची करामत नाही का? आमच्याकडे तसा माणूस नाही. (एक वाचक, वाशीम)

उत्तर : काही अंशी आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हिवरे बाजार दुष्काळाने, दारूने आणि स्थलांतराने पोखरलेले होते, आणि १९९५ च्या पाहणीत तेथील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील पंधरा वर्षांत ती संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. परंतु गाव टिकले ते पावसाच्या हिशेबावर. तेथे पर्जन्यमापकावर नोंदलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेत मांडली जाते, पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढले जाते, आणि उरेल त्यावर रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. आपल्याकडे पवार नसतील, पण पर्जन्यमापक बसवता येतो आणि विहिरीत दोरी सोडून पाणी मोजता येते.

प्रश्न : आमची गट ग्रामपंचायत सहा पाड्यांची आहे. निधी मोठ्या गावात संपतो. आमचा पाडा वेगळी ग्रामसभा करू शकतो का? (एक तरुण वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : आपले गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने तसे घोषित केलेल्या आदिवासी भागात, असेल तर होय. अशा क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा असला तरी महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले, आणि त्यांनुसार पाड्यातील मतदारांनी बहुमताने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवला की पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची प्रक्रिया सुरू होते. त्यासाठी वेगळी ग्रामपंचायत लागत नाही. असे घोषित झालेले गाव स्वतःचा ग्रामसभा कोष उघडू शकते.

मात्र शिक्का मिळाल्याने आपोआप काही घडत नाही, आणि यासाठी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत आहे. त्यामागे गावातलेच देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे चालवलेले अभ्यासगट होते, हे कमी लोकांना माहीत असते. कायदा वाचायचा, जंगल फिरायचे, हिशेब शिकायचा आणि मग ग्रामसभेत बसायचे, हा त्यांचा क्रम होता. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याने सोडला नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कोठे हक्काचे रुपांतर मजुरीत आणि गावाच्या उत्पन्नात होऊ शकले.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, ते सर्वसहमतीने होतात. एकाची हरकत असली तरी विषय पुढच्या सभेवर जातो. हे वेळखाऊ आहे आणि मोठ्या गावात बहुधा जमणारही नाही. परंतु आपल्यासारख्या लहान पाड्यात, जेथे एकाच विधवा बाईची शेती किंवा एकाच घराचा मोहाचा हक्क निर्णयाने बुडू शकतो, तेथे ही पद्धत गरिबाला मतदानापेक्षा जास्त संरक्षण देते. ठराव पाठवण्यापूर्वी पाड्याची हद्द सगळ्यांनी मिळून फिरून कागदावर काढा, शेजारच्या पाड्याची त्यावर संमती घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. कोष उघडल्यावर खात्यावर दोन सह्या असाव्यात, त्यांतील एक महिलेची असावी, आणि जमाखर्च दर महिन्याला पाड्यावर वाचून दाखवला जावा.