लोअर हल्स गल्चच्या चढणीला कोठून सुरुवात करावी?

बॉईसी (आयडाहो) येथील ही पायवाट सायकलने चढायची असेल, तर प्रथम तारीख पाहावी. कारण सम तारखांना ती पायी चालणाऱ्यांसाठी, घोडेस्वारांसाठी व वर चढणाऱ्या सायकलींसाठी खुली असते, तर विषम तारखांना तेथे केवळ उतरणाऱ्या सायकलींनाच परवानगी असते. हा नियम मला अत्यंत न्याय्य वाटतो. नॉर्थ एंड भागातून येणाऱ्यांना कॅमल्स बॅक पार्कमधून सुरुवात करणे सोयीचे पडते. गाडीने येणार असाल, तर आठव्या रस्त्याने फूटहिल्स लर्निंग सेंटरपर्यंत जावे. वर ही वाट क्रेस्टलाइन या दुसऱ्या पायवाटेला मिळते. पावसानंतर चाकाचे ठसे उमटू लागले, तर मात्र कृपया तेथूनच परत फिरावे.