रात्री निघायचं की पहाटे? मुलांसोबतच्या लांबच्या प्रवासाबद्दल तुमचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की या सदरात लांबच्या प्रवासाचे प्रश्न येतातच, पण या वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, रात्रभर गाडी चालवून जायचं का. त्यामुळे पहिल्या उत्तरातच जास्त जागा खर्च करतेय.

प्रश्न : आम्हाला तेरा तासांचा प्रवास करायचाय. मुलं ४ आणि ९ वर्षांची, दिवसा निघालो तर तासाभरात भांडणं सुरू होतात. नवऱ्याचं म्हणणं आहे की ऑफिसमधून आल्यावर जेवून दहाला निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी उशिरापर्यंत पोचू. तो म्हणतो मला रात्री चालवायची सवय आहे. मला आतून भीती वाटते पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. – एक आई

उत्तर : ताई, तुमची भीती योग्य आहे आणि ती सांगायला एक साधा हिशोब पुरतो. नवरा सकाळी सहाला उठला असेल तर दहाला गाडी काढताना तो १६ तास जागा आहे, अकरा वाजता १७ तास, आणि सकाळी सहाला सलग २४ तास. तेरा तास धरले तर पोचेपर्यंत २९! १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला होता, त्यात हात आणि नजर मिळून करायच्या एका चाचणीत १७ तास जागलेली माणसं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावली होती, आणि २४ तास जागल्यावर साधारण ०.१० टक्के असल्यासारखी. दारू पिऊन कुणी स्टिअरिंगवर बसलं तर आपण मुलांना त्या गाडीत बसवूच देणार नाही, इथे मात्र 'सवय आहे' म्हटलं की गप्प बसतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ शरीर सगळ्यात मंद असण्याचा, त्या साखरझोपेच्या वेळी शरीर झोपच मागतं. दुपारी दोन ते चारच्या आसपास पण थोडी झापड येते, पण पहाटेची जास्त जोरदार असते. कायम नाइट शिफ्ट करणाऱ्यांनासुद्धा हे घड्याळ पूर्ण फिरवता येत नाही, मग वर्षातून दोनदा रात्रीची गाडी चालवणाऱ्याला कुठून येणार?

रात्रीच्या प्रवासाचे जे फायदे तुमचा नवरा सांगतो ते खरे आहेत, ट्रॅफिक कमी, ऊन नाही, मुलं झोपलेली. पण हा सगळा प्लॅन मुलांच्या झोपेवर केलेला आहे, ड्रायव्हरच्या झोपेचा त्यात कुठे विचारच नाही. तो उलटा करा. सामान आदल्या दिवशी संध्याकाळीच गाडीत भरून टाका, चालवणाऱ्याने नऊला झोपायचं म्हणजे खरंच झोपायचं, फोन दुसऱ्या खोलीत, शेवटची बॅग भरायचं काम दुसऱ्याचं. साडेचारला उठा, मुलांना प्रवासाच्या कपड्यांतच झोपवलेलं असलं की तशीच उचलून सीटमध्ये बसवा, बेल्ट लावा आणि पाचला निघा. मुलं पुढे दोन-तीन तास झोपतात, मोकळा रस्ता बराचसा मिळतो आणि चालवणाऱ्याची सात-साडेसात तास झोप झालेली असते. पहिला एक तास तरीही जड जाऊ शकतो, तेव्हा जपून चालवा.

आणि तेरा तास एकट्याने एका दिवसात नकोच. मध्ये एक मुक्काम करा. खर्च वाढतो हे मान्य आहे, पण मुलं ताजी राहतात आणि नवऱ्याला पोचल्यावर पुढचा अख्खा दिवस झोपून काढावा लागत नाही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचंच, झोप येवो न येवो. युरोपात ट्रक चालवणाऱ्यांना साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने सक्तीची आहे, आणि ते तर रोजचं काम म्हणून गाडी चालवणारे लोक.

प्रश्न : झोप येतेय हे वेळेत कळायचं कसं? मी काच खाली करतो, गाणी मोठ्याने लावतो, बायकोशी बोलत राहतो, तोंडावर पाणी मारतो. एवढं पुरेसं आहे ना? – दोन मुलांचा बाबा

उत्तर : नाही हो. गार हवा आणि रेडिओ यांचा ड्रायव्हरवर काय परिणाम होतो हे संशोधकांनी तपासून पाहिलंय, थोडा वेळ, फार तर पाव तास बरं वाटतं आणि झापड परत येते. त्या पाव तासाचा एकच उपयोग, सुरक्षित जागा शोधून गाडी थांबवायची.

खुणा सांगते. जांभया तर येतातच, पण त्याच्या पुढची पायरी जास्त महत्त्वाची. मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, मध्ये पूल लागला होता का ते सांगता येत नाही. गाडी एका बाजूला हळूहळू सरकते आणि कडेच्या पट्ट्यावर चाक घरघरलं की आपण दचकून स्टिअरिंग ओढतो. वेग कारण नसताना कमी-जास्त होतो, पापण्या मिटून उघडायला वेळ लागायला लागतो, मान एकदम खाली जाऊन झटका बसतो. मानेचा झटका बसला म्हणजे तुम्ही झोपलेला होतात, 'झोप येतेय' ती वेळ कधीच मागे गेली!

अशी डुलकी दोन-चार सेकंदांची असते आणि कित्येकदा आपल्याला ती लागली होती हेच कळत नाही. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत ११० मीटर, आणि त्या वेळात ब्रेकवर पाय जात नाही, स्टिअरिंग वळत नाही. म्हणून झोपेतले अपघात इतके वाईट होतात, समोरचं दिसलंच नाही तर माणूस वेग कमी कसा करणार.

खरा उपाय झोप हाच. उजेड असलेल्या, माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी थांबा, एक कप कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटांचा अलार्म लावून सीट मागे करून डोळे मिटा. कॉफीतलं कॅफिन अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं, मग निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर चाला. आणि हे नीट ऐका, अशी झोप काढताना इंजिन बंदच पाहिजे. एसी चालू ठेवून काचा लावून कुटुंबासकट झोपणं नको, एक्झॉस्टमधून आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. डुलकीने दोन-तीन तास निघतात, रात्रीची झोप भरून निघत नाही. दुसऱ्यांदा पेंग आली तर त्या दिवसाचा प्रवास संपला असं समजा.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा आहे. रात्री बेल्ट लावून नीट झोपता येत नाही म्हणून आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवं झोपू देतो, पायाशी उशा लावतो. हळू चालवलं तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : नाही, हळू चालवलं तरी नाही. ताशी ५० किलोमीटरला गाडी कशावर तरी आदळून थांबली तर बिनबेल्टचं मूल त्याच ५० च्या वेगाने पुढे जातं, हे साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे. उशांनी ते अडत नाही. मांडीवर घेतलेलं मूलही हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी.

झोपेचा त्रास खरा आहे, त्यावर उपाय बूस्टर सीटचा, तोही पाठ आणि डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार असलेला. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत तो लागतोच. पुढच्या वेळी मुलगा झोपला की थांबून मागे वळून बघा. बिनबूस्टरचं मूल झोपेत पुढे घसरतं, कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो, खांद्याचा पट्टा मानेला लागतो म्हणून ते झोपेतच हाताने काढून काखेखाली घालतं. वरून सगळं ठीक दिसतं, बेल्ट लावलेलाच असतो, पण अपघातात सगळा भार मऊ पोटावर येतो. पट्टा कमरेच्या हाडांवर खाली आणि खांद्याच्या मधोमध, एवढं दर थांब्यावर तपासा.

थंडी असेल तर जाड जॅकेट घालून बेल्ट लावू नका, धक्क्याला जॅकेट चेपतं आणि बेल्ट ढिला पडतो. आधी बेल्ट आणि मग वरून पांघरूण.

प्रश्न : बाळ ५ महिन्यांचं आहे, गाडीत मस्त झोपतं, चार-पाच तास उठतच नाही. मग थांबायची गरज आहे का? – नवी आई

उत्तर : आहे. इतक्या लहान बाळाची मान जड डोक्याला धरू शकत नाही, झोपेत हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते आणि बाळ रडूनही सांगत नाही. म्हणून कार सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त नको, रात्रीसुद्धा. झोपमोड झाली तरी उचला, सपाट जागेवर थोडं पाठीवर निजवा, दूध पाजा, लंगोट बदला, मग परत. अगदी तान्हं असेल तर अर्ध्या तासाच्या वर नको, आणि वेळेआधी जन्मलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. सीट मागे तोंड करून, मागच्या सीटवर, शेजारी एक मोठं माणूस जागं. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट कधीच लावायची नाही. मुक्कामी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्येच राहू द्यायचा मोह होतो, तो टाळा.

प्रश्न : मुलीला गाडी लागते, ८ वर्षांची आहे. रात्री कमी त्रास होतो का? – एक बाबा

उत्तर : झोपली तर हो. गाडी लागते ती कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात म्हणून, आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरची स्थिर सीट दिसते. झोपेत ही भांडणं थांबतात. पण ती अंधारात जागी राहिली तर बाहेर बघायला लांबचं काहीच नसतं, त्यात हातात मोबाइल दिला तर नक्की उलटी. मोबाइल नको, ऐकायच्या गोष्टी लावा. औषध द्यायचं तर डॉक्टरांना वजन सांगून, आणि आधी घरी एकदा देऊन बघा कारण काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी चेकाळतात. तीच गोळी चालवणाऱ्याने मात्र घ्यायची नाही, झोप येते.

प्रश्न : आम्ही दोघंही चालवतो आणि काही वेळा नाइलाजाने रात्रीच निघावं लागतं. मग काय काळजी घ्यावी? – एक जोडपं

उत्तर : नाइलाज असतो हे समजू शकते. मग निघण्याआधी दुपारी दोघांनीही दीड तास झोपा, आणि पाळ्या दोन तासांच्या ठेवा. ज्याची पाळी नाही त्याने सोबत म्हणून जागत बसायचं नाही, मागे बेल्ट लावून झोपायचं, नाहीतर पहाटे तीनला गाडीत दोन दमलेले ड्रायव्हर असतात. चाकावर बसल्यावर पेंग आली तर मुकाट्याने दुसऱ्याला उठवायचं, 'अजून अर्धा तास ओढतो' हे वाक्य बोलायचं नाही असं आधीच ठरवून घ्या.

वेग दिव्यांच्या हिशोबाने ठेवा. डिपरवर साधारण ५०-६० मीटर नीट दिसतं आणि ताशी ९० ला ब्रेक दाबून पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावरही ८० मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अपर मारता येत नसेल तिथे ६० च्या आसपास या. पुढची काच आतून पण पुसा, आतल्या धुरकट थराने समोरच्या गाडीचा झोत पसरतो. झोत डोळ्यावर आला की नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर न्या. मागे मुलांचा टॅब चालू असेल तर ब्राइटनेस अगदी कमी करा आणि आतला दिवा बंद ठेवा, अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात आणि एका लख्ख स्क्रीनने ते क्षणात जातं.

पोचायची वेळ कुणाला पक्की सांगू नका. 'उद्या दुपारपर्यंत येतो, थांबत थांबत येणार आहोत' असं सांगा. उशीर होतोय म्हणून कुणाचे फोन आले तर ते शेजारी बसलेल्याने घ्यायचे, चालवणाऱ्यापर्यंत ती घाई पोचूच द्यायची नाही.