परिपाठाचं गाणं, फुटणारे आवाज आणि कागदी खिडकी

ख्रिस्ती शाळांमधल्या संगीत आणि चित्रकलेच्या तासांबद्दल शिक्षक-पालकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्वरांच्या पट्ट्या हार्मोनियमप्रमाणे दिल्या आहेत : पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’.

प्रश्न : परिपाठाला तिसरी-चौथीची मुलं उपासनागीत अक्षरशः ओरडून गातात. हळू म्हणा म्हटलं की आवाजच निघत नाही. उंच स्वर त्रासदायक वाटतात म्हणून आम्ही पट्टी खाली आणली, तरी फरक नाही.

उत्तर : पट्टी खाली आणल्यामुळेच ओरडणं वाढलं असण्याची शक्यता जास्त आहे. मोठ्या माणसाला सोयीची पट्टी मुलांना फार खालची पडते. त्या भागात मुलं बोलण्याच्या जड आवाजानेच गातात आणि तोच आवाज रेटत वर नेतात. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहा-सातच्या आसपास तो पुढे जात नाही. तिथे एक तर किंकाळी निघते, नाहीतर मूल गप्प होतं.

पाच ते सात वर्षांच्या मुलांची गाणी मधली पांढरी दोन ते पांढरी सहा एवढ्यात बसावीत. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना मधल्या पांढरी दोनपासून तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं, आणि सराव असेल तर वर पांढरी तीनही मिळते. गीतसंग्रहातल्या बऱ्याच चाली छापलेल्या पट्टीत याच टापूत येतात. म्हणजे बदल न करता छापील पट्टीत गाऊन घेणं हाच पुष्कळदा उपाय असतो.

पण आधी मुलांना हलका, डोक्यात घुमणारा आवाज सापडला पाहिजे. रोज पाच मिनिटं द्या. दोन्ही पायांवर सरळ उभं राहून आठ मात्रा ‘स्स्स’ करत श्वास सोडणं. मग ‘ऊ’ वर खालून वर आणि वरून खाली घसरणारा आवाज, तीन-चार वेळा. त्यानंतर ‘नू’ या अक्षरावर प म ग रे सा, आणि प्रत्येक वेळी सा अर्ध्या स्वराने वर. सुरुवात वरूनच करायची. हलका आवाज खाली आणणं सोपं असतं, जड आवाज वर नेणं अवघड. खालून सा रे ग म प म्हणायला लावलं की पुन्हा तोच जड आवाज येतो.

शिक्षक पुरुष असतील तर आणखी एक घोटाळा होतो. ते स्वाभाविकपणे एक सप्तक खाली गातात आणि काही मुलं तोच स्वर जसाच्या तसा धरायचा प्रयत्न करून घशात गुरगुरतात. अशा वेळी नमुना स्वतः गाऊन न देता बासरीवर, कीबोर्डवर किंवा स्वच्छ गाणाऱ्या एखाद्या मुलाकडून द्यावा. कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण वापरलं असेल तर गाणं संपताच शून्यावर आणा. नाहीतर पुढचं गीत भलत्याच पट्टीत सुरू होतं आणि दोष मुलांना मिळतो.

बेसूर मुलाला ‘तू फक्त ओठ हलव’ सांगण्याची रीत बंद व्हायला हवी. असं मूल बहुधा ऐकण्यात कमी नसतं, त्याला आपला वरचा आवाज सापडलेला नसतो. त्याला दोनच स्वरांची हाक द्या, प-ग. त्याचं नाव त्या दोन स्वरांत म्हणा आणि त्याच स्वरांत उत्तर मागा. जमलं नाही तर तो जो स्वर देईल तो तुम्ही धरा आणि तिथून हळूहळू वर न्या.

प्रश्न : आठवीची मुलगे मंडळी गायकवृंदातून गळत चालली आहेत. आवाज फुटत असताना त्यांना विश्रांती द्यावी का?

उत्तर : गाणं पूर्ण थांबवण्याची गरज नसते. ताण तेवढा नको. साधारण बारा ते चौदा या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्यांना ताब्यात ठेवणारे स्नायू अजून जुन्याच मापाने काम करत असतात. म्हणून आवाज मधेच निसटतो. वरचे स्वर आधी जातात, खालचे सावकाश येतात.

अडचण मुलांपेक्षा छापील भागांची असते. चार आवाजांच्या पुस्तकातला टेनर (पुरुषांचा वरचा भाग) त्यांना उंच पडतो आणि बास (पुरुषांचा खालचा भाग) फार खोल. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहा : मंद्र सप्तकातली पांढरी सहा ते मधली पांढरी चार. आवाज बदलण्याच्या बहुतेक टप्प्यांत एवढे सहा स्वर हाती असतात. सलग चालणारी, मोठ्या उड्या नसलेली ओळ करा. दर महिन्याला प्रत्येकाचा वरचा आणि खालचा स्वर तपासून वहीत टिपा, पण एकेकट्याला बाजूला घेऊन. वर्गासमोर तपासणी केली की मुलगा पुन्हा येत नाही.

मुलींचाही आवाज याच सुमारास बदलतो, हे सहसा विसरलं जातं. तो फुटत नाही, पण काही काळ हवा मिसळलेला आणि पोकळ वाटतो. तेवढ्यावरून मुलीला खालच्या भागात कायमचं बसवू नये.

प्रश्न : नाताळच्या कार्यक्रमात दोन आवाजांत गाऊन घ्यायचं आहे. वरचा भाग पाठ झाल्यावर खालचा शिकवला, पण सगळे वरच्यावरच जातात.

उत्तर : क्रम उलटा झाला. चाल एकदा कानात बसली की तिच्याकडे ओढ लागते. खालचा भाग आधी आणि तोही सगळ्या वर्गाला शिकवा. त्याहून आधी दोन पायऱ्या घ्या. पहिली, अर्धा वर्ग फक्त सा धरून ठेवेल आणि अर्धा चाल म्हणेल. दुसरी, एकामागून एक सुरू होणारं चक्री गाणं, ज्यात सगळे एकच चाल म्हणतात पण चार-आठ मात्रांच्या अंतराने. चक्री गाण्याची लय हटकून वाढते, कारण प्रत्येक गट पुढच्याला गाठायला धावतो. जागेवर पावलं टाकत गाऊन घेतलं की लय वाढायची थांबते.

एवढं जमेपर्यंत तिनाच्या अंतराने (सा-ग, रे-म अशा) चालणाऱ्या ओळींना हात लावू नये. त्या ऐकायला गोड असतात, पण चालीला समांतर जात असल्याने निसटायला सर्वांत सोप्या. कार्यक्रम जवळ आला असेल तर शेवटच्या कडव्यात मोजक्या सात-आठ मुलांना चालीच्या वर जाणारी स्वतंत्र ओळ द्या आणि बाकीच्यांना चालच म्हणू द्या. परिणाम भरपूर, धोका कमी. कमजोर गट वाद्याजवळ उभा करा.

प्रश्न : परकीय चालींवर मराठी शब्द बसवताना गीत तोडून तोडून म्हटल्यासारखं वाटतं. मात्रा तर मोजून घेतो.

उत्तर : या चालींना मात्रांपेक्षा अक्षरसंख्या लागते. गीतसंग्रहाच्या मागे वृत्तांची सूची असते. तिथे ८.६.८.६ असं लिहिलं असेल तर चार ओळींत अनुक्रमे तेवढी गायची अक्षरं. गाताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो, म्हणून ‘देव’ हे गाण्यात दोन अक्षरी. बोलण्यात ते एकच वाटतं आणि मोजणी इथेच चुकते.

नुसती संख्या जुळूनही भागत नाही. ८.६.८.६ च्या बहुतेक चाली आघाताच्या आधी एका हलक्या स्वराने सुरू होतात, तर ८.७.८.७ च्या पुष्कळशा चाली थेट आघातावर. शिवाय मराठी कानाला ऱ्हस्व-दीर्घ लगेच टोचतं. ‘कृपा’तला ‘कृ’ लांब स्वरावर पडला की तो ‘क्रूऽपा’ होतो. लांब स्वराखाली दीर्घ अक्षर किंवा जोडाक्षराआधीचं अक्षर यावं. ‘ख्रिस्त’सारखा शब्द जलद स्वरांवर टाकू नका, जीभ अडखळते. ओळीच्या शेवटी शब्द संपलाच पाहिजे, नाहीतर श्वास शब्दाच्या मधोमध घेतला जाईल.

तपासण्याची रीत साधी आहे. चाल न म्हणता शब्द फक्त तिच्या ठेक्यात वाचायचे. वाचताना हसू आलं तर ती ओळ बदलायची. आणि छापण्याआधी मूळ शब्द, चाल, चार आवाजांची रचना आणि भाषांतर या चौघांचे हक्क वेगवेगळे पाहायचे. चाल दोनशे वर्षांची असली तरी तिची रचना अलीकडची असू शकते.

प्रश्न : सरगम शिकवावी की पाच रेघांची स्वरलिपी?

उत्तर : आधी सरगम, मग रेघा. सा कोणत्याही पट्टीवर धरता येतो, हीच सरगमची ताकद, आणि उपासनासंगीताच्या परंपरेला ती परकी नाही. ११ व्या शतकात ग्वीदो दारेत्सो या इटालियन साधूने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावरच्या एका लॅटिन स्तोत्राच्या सहा चरणांच्या पहिल्या अक्षरांपासून स्वरनावं घेतली, कारण त्यातला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होत होता. १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी सरकता ‘डो’ (आपल्या सा सारखा कोणत्याही पट्टीवर धरता येणारा) आणि हातांच्या खुणा यांच्या आधाराने हजारोंना चर्चगायन शिकवलं.

रेघा शिकवताना दोनच रेघांपासून सुरुवात करा. प्रत्येक टिंबाखाली पेन्सिलीने सा रे ग लिहून देऊ नका. मुलं अक्षरं वाचतात, टिंबांकडे बघतसुद्धा नाहीत.

प्रश्न : चाळीस मुलांच्या वर्गात रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची पाश्चात्त्य बासरी) सुरू केला. कर्कश शिट्ट्यांशिवाय काही येत नाही.

उत्तर : बहुतेक शिट्ट्या भोक अर्धवट उघडं राहिल्याने येतात, उरलेल्या जोरात फुंकल्याने. पाच सेकंद भोकांवर बोटं दाबून उचलायला सांगा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल उमटला पाहिजे. फुंकताना ‘तू’ म्हटल्यासारखी जीभ, आणि जोर गरम चहावर फुंकर घालतो त्याहूनही कमी.

पहिले स्वर डाव्या हाताचेच : बी, ए, जी. जी ला सा मानलं तर हे ग, रे, सा होतात. तीन स्वरांत महिनाभर भरपूर वाजवता येतं. दहा मुलांनी वाजवायचं, तीस मुलांनी तोंडाचा भाग हनुवटीवर टेकवून फक्त बोटं चालवायची, मग पाळी बदलायची.

विकत घेताना समोरच्या बाजूचं वरून चौथं आणि पाचवं भोक बघा. पाचवं लहान असेल तर ती जर्मन बोटांची रचना. तिच्यात सुरुवातीचा एफ सोपा जातो, पण पुढे एफ शार्प सुरात लागत नाही. बरोक रचनेचाच घ्या. वाजवता वाजवता आवाज घुसमटला तर आत ओल साचलेली असते. तोंडाच्या भागाजवळच्या चौकोनी फटीवर (खिडकीवर) बोट हलकेच ठेवून एक जोराची फुंकर मारली की मार्ग मोकळा होतो. वाद्य प्रत्येकाचं वेगळं, आणि कोमट साबणपाण्याने धुतलेलं.

प्रश्न : आमच्या शाळेत वेगवेगळ्या पंथांची मुलं आहेत. येशूचा चेहरा काढायला सांगितल्यावर दोन पालकांनी हरकत घेतली. काय करावं?

उत्तर : हरकतीला जुना आधार आहे. बायबलच्या निर्गम २० मधली मूर्तीविषयीची मनाई ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरा स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात, तर कॅथलिक आणि लूथरन ती पहिल्या आज्ञेतच धरतात. ७८७ च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा आदर मान्य केला. रिफॉर्म्ड मंडळ्यांतले अनेक जण आजही तो मान्य करत नाहीत. हा वाद चित्रकलेच्या तासाला मिटणार नाही, आणि मिटवायला जाऊही नये.

विषयच असा द्या की चेहऱ्याची गरज पडणार नाही. येशूच्या दाखल्यांमधल्या (बोधकथांमधल्या) वस्तू भरपूर आहेत : दिवा, जाळं, मोहरीचा दाणा, हरवलेलं नाणं. त्याहून चांगला पर्याय म्हणजे सजवलेलं आद्याक्षर. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कागदावर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक वचन, पहिलं अक्षर चार-पाच ओळींच्या उंचीचं आणि त्याभोवती वेली. देवनागरीत शिरोरेघेवरून वेल छान लोंबते. वचन पेन्सिलीने आधी पूर्ण लिहून घ्या, नाहीतर शेवटचे दोन शब्द कागदाबाहेर जातात. सोनेरी रंगासाठी ब्रश आणि पाणी वेगळं ठेवा. त्याचे कण एकदा पाण्यात मिसळले की सगळेच रंग मळकट चमकतात.

चेहरा काढायचाच असेल तर एकाच छापील चित्राची नक्कल करून घेऊ नका. इथिओपियन, बायझंटाइन आणि युरोपीय चित्रं शेजारी ठेवली की प्रत्येक समाजाने तो आपल्यासारखा काढला, हे मुलांना न सांगता दिसतं.

प्रश्न : इतर धर्मांच्या मुलांनी उपासनागीतं गायचीच का?

उत्तर : संगीताचा तास आणि उपासना वेगळ्या ठेवा. तासाला कोणतंही गीत अभ्यासाचा नमुना म्हणून शिकता येतं. उपासनेत मात्र पालकांची लेखी संमती घ्या, आणि जी मुलं गाणार नाहीत त्यांना वाद्य, पानं उलटणं किंवा नुसतं उभं राहणं यापैकी निवडू द्या. गुणांशी त्याचा संबंध ठेवू नये.

प्रश्न : चर्चसारखी रंगीत काचेची खिडकी कागदात करतो, पण कापताना चौकटच तुटते.

उत्तर : कारण आकार आधी काढले जातात आणि काळ्या रेघा उरलेल्या जागेत. खऱ्या खिडकीत काळ्या रेघा म्हणजे काचांचे तुकडे धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या, त्या शोभेच्या नसतात. म्हणून आधी पट्ट्यांचं जाळं आखायचं, तेही पट्टीची दोन्ही टोकं दुसऱ्या पट्टीला किंवा कडेला मिळतील असं.

गोल खिडकीसाठी १२० ते १५० जीएसएमच्या काळ्या कागदाचा २४ सेंटिमीटर व्यासाचा गोल तीनदा दुमडा, आठ भाग होतात. जाड कार्ड इतक्या घड्यांत कापलं जात नाही. बाहेरची कड २ सेंटिमीटर आणि आतल्या पट्ट्या किमान १ सेंटिमीटर ठेवा. घडीच्या दोन्ही कडांवर न कापलेले भाग राहिले पाहिजेत. एक कड सबंध कापली की उलगडल्यावर हातात तुकडे येतात.

मागून पतंगी कागद लावताना पातळ डिंक नको, त्याने सुरकुत्या पडतात आणि रंग सुटतो. कांडीचा गोंद घ्या आणि कागद भोकापेक्षा चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा कापा. गडद निळा, जांभळा आणि लाल यांनीच सगळं भरलं तर प्रकाश अडतो आणि खिडकी काळी दिसते. निदान तिसरा हिस्सा पिवळा किंवा फिकट ठेवा. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा मिळतो, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. पतंगी कागदाचा रंग थेट उन्हात लवकर उडतो, तेव्हा काचेवर चिकटवायच्या आधीच फोटो काढून घ्या.