डोळ्याची बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा जोर कशावर ठरतो?

तुम्ही आणि तुमचे मित्र एकाच दिवशी थेंब घालून डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासून आलात. त्यांना संध्याकाळी नीट दिसायला लागलं, तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही वाचता येईना. म्हणून तुम्ही विचारताय, मला जास्त कडक औषध घातलं का?

तसं असेलच असं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी आहे, हे थेंब रोज घालते. बाटलीवरच्या टक्क्यावरून जोर ठरवायला जाऊ नका. 1 टक्का म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 1 ग्रॅम औषध, एवढंच. ट्रोपिकामाइड 1 टक्क्याचं असलं तरी त्याचा अंमल बहुतेकांना काही तासांत उतरतो. सायक्लोपेंटोलेट 1 टक्क्याचंच, पण ते साधारण दिवसभर टिकतं. आणि अॅट्रोपिन 1 टक्क्याचं घातलं तर बाहुली आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त मोठी राहू शकते. म्हणजे आधी औषध कोणतं ते बघायचं, टक्का नंतर.

ही तिन्ही औषधं बाहुली आवळणारा स्नायू सैल करतात. जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी लागणारा स्नायूही त्यांच्यामुळे ढिला पडतो, म्हणून वाचता येत नाही. फिनाइलेफ्रिनची तऱ्हा वेगळी. ते बाहुली उघडणारा स्नायू ओढतं. ते 2.5 आणि 10 टक्क्यांत मिळतं, पण चौपट औषध घातलं म्हणून बाहुली चौपट उघडत नाही. रक्तदाब वाढायचा धोका मात्र वाढतो. म्हणून मी 2.5च पसंत करते.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. मित्राचे डोळे घारे आहेत का? काळ्या-तपकिरी डोळ्यांतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य औषध धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. त्यामुळे बाहुली उशिरा उघडते आणि पूर्ववतही उशिरा होते. तेच औषध, तेवढेच थेंब, तरी फरक पडतो. उलट बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची बाहुली पुष्कळदा पुरेशी उघडतच नाही. वय झालेल्यांचंही तसंच.

थेंबांवर थेंब घालूनही फायदा नाही. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. उरलेला गालावर ओघळतो किंवा नाकातून घशात उतरतो, कडू लागतं ते त्यामुळेच. दोन थेंबांत पाच मिनिटं तरी जाऊ द्यावी लागतात.

कोणतं औषध घातलं ते दवाखान्यात विचारून लिहून ठेवा. ट्रोपिकामाइड असेल आणि 24 तासांनंतरही बाहुली मोठीच असेल तर फोन करा. डोळा लाल होऊन ठणकत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील किंवा उलटी होत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता लगेच जा.